ज्वालामुखी खडकांचे रासायनिक वर्गीकरण

ज्वालामुखीतून बाहेर आलेल्या शिलारसापासून बनलेल्या खडकांना त्यांच्यातील ऑक्साइडांच्या वजनी टक्केवारीवरून नावे देण्याची पद्धत. जमिनीत खोलवर सावकाश निवालेल्या ग्रॅनाइटातील खनिजे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. लाव्हा मात्र झपाट्याने निवतो. त्याचे स्फटिक अतिसूक्ष्म राहतात, कधी तर स्फटिक बनतच नाहीत आणि नुसती काच उरते. अशा वेळी रंगावर विसंबले की फसगत होते. ऑब्सिडियन ही ज्वालामुखी काच काळीकुट्ट असते, पण तिचे संघटन बहुधा फिकट रायोलाइटाचे असते, काळ्या बेसाल्टाचे नव्हे. म्हणून खनिजे मोजता आली तर नाव त्यांवरून द्यावे आणि नाही आली तर रासायनिक विश्लेषणावरून, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

जुनी विभागणी केवळ सिलिकेवर (सिलिकॉन डायऑक्साइडावर) आधारलेली आहे : ६३ टक्क्यांहून अधिक सिलिका असलेले खडक अम्ल किंवा सिकत, ५२ ते ६३ मध्यम, ४५ ते ५२ अल्पसिकत आणि त्याखालचे अत्यल्पसिकत. खडकातील सिलिका सिलिसिक अम्लाच्या रूपात असते, अशी पूर्वी समजूत होती. ती कधीच मागे पडली, ‘अम्ल’ हा शब्द मात्र टिकून राहिला. सिलिकेला एवढे महत्त्व देणे योग्यच आहे. ती वाढली की शिलारस दाट होतो, त्यातील वायू सहज निसटत नाहीत आणि उद्रेक स्फोटक होण्याचा संभव वाढतो.

पण एकट्या सिलिकेने भागत नाही. १९८६ मध्ये ल बास हे खडकशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी मांडलेल्या आलेखात आडव्या अक्षावर सिलिका आणि उभ्या अक्षावर सोडियम व पोटॅशियम यांच्या ऑक्साइडांची (अल्कली ऑक्साइडांची) बेरीज घेतात. या बेरजेचा उपयोग एका उदाहरणाने कळतो. तीन खडकांत सिलिका सारखीच, ५० टक्के आहे. अल्कली ऑक्साइडे ३ टक्के असतील तर खडक बेसाल्ट, ६ टक्के असतील तर ट्रॅकिबेसाल्ट आणि ९ टक्के असतील तर फोनोटेफ्राइट ठरतो. अल्कली कमी असलेल्या बाजूला सिलिका वाढत जाते तशी बेसाल्ट, बेसाल्टी अँडेसाइट (५२ ते ५७), अँडेसाइट (५७ ते ६३), डेसाइट आणि रायोलाइट अशी नावे येतात. अँडेसाइट हे नाव अँडीज पर्वतावरून पडले आहे.

आलेखातील रेषा माणसाने आखलेल्या आहेत. सिलिका ५१.९ आणि ५२.१ टक्के असलेले दोन नमुने एकाच लाव्हा प्रवाहातलेही असू शकतात. म्हणून नावासोबत आकडेही द्यावेत.

नमुना ताजा असणे सर्वांत महत्त्वाचे. विश्लेषणातून पाणी व कार्बन डायऑक्साइड वगळून उरलेल्याची बेरीज १०० करून घेतात. कुजलेल्या खडकातून सोडियम आणि पोटॅशियम पाण्याबरोबर वाहून जातात किंवा बाहेरून येऊन मिसळतात, त्यामुळे खडक आलेखात भलत्याच घरात जाऊन बसतो. अशा जुन्या खडकांसाठी झिर्कोनियम, टायटॅनियम, नायोबियम आणि यट्रियम या सहसा जागा न सोडणाऱ्या मूलद्रव्यांचा आधार घेतात. विंचेस्टर आणि फ्लॉइड यांचा १९७७ चा आलेख त्यांवरच बेतलेला आहे. ल बास यांचा आलेख वापरताना मॅग्नेशियम ऑक्साइड १८ टक्क्यांहून अधिक असलेला कोमाटिआइट हा खडक आधीच वेगळा काढावा लागतो. टांझानियातील ओल डोइन्यो लेंगाई या ज्वालामुखीचा कार्बोनेटी लाव्हा तर या आलेखात बसतच नाही, कारण त्यात सिलिका जवळजवळ नसते.