बाटली, कप, डायपर आणि पन्नास वर्षांचा वाद: लाइफ सायकल असेसमेंट आलं कुठून

एखाद्या वस्तूवर "अमुक टक्के कमी कार्बन" असं छापलेलं दिसतं, किंवा अचानक बातमी फिरते की कापडी पिशवी प्लॅस्टिकपेक्षा वाईट, तेव्हा त्या आकड्याच्या मागे बहुतेक वेळा कुणीतरी केलेलं लाइफ सायकल असेसमेंट असतं. मराठीत जीवनचक्र मूल्यमापन, पण बोलताना सगळे "एलसीए" असंच म्हणतात. जमिनीतून कच्चा माल काढण्यापासून ती वस्तू कचऱ्यात जाईपर्यंत किती ऊर्जा, किती पाणी, किती माल लागला आणि हवेत, पाण्यात, मातीत काय काय गेलं याचा सगळा हिशोब. बऱ्याच लोकांना वाटतं की हे थर्मामीटरसारखं आहे, लावलं की आकडा आला. पण हिशोब कुठून सुरू करायचा, कुठे थांबवायचा आणि कशाची तुलना कशाशी करायची हे आधी माणसाला ठरवावं लागतं, आणि ते ठरवण्याचे आज जे नियम आहेत त्यातले बरेचसे भांडणातून आलेत. म्हणून हा इतिहास माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात ऊर्जेच्या हिशोबापासून झाली. १९६३ च्या वर्ल्ड एनर्जी कॉन्फरन्समध्ये हॅरॉल्ड स्मिथ यांनी काही केमिकल बनवायला एकूण किती ऊर्जा लागते ते मांडलं, म्हणजे फक्त त्या एका प्लांटचं बिल नाही तर त्याच्या मागच्या सगळ्या पायऱ्या धरून. मग १९६९ मध्ये कोका-कोलाने अमेरिकेतल्या मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटकडून एक स्टडी करून घेतला. प्रश्न साधा धंद्याचा होता, पेय कशात भरायचं, काचेत, कॅनमध्ये की प्लॅस्टिकमध्ये, पण उत्तर शोधताना प्रत्येक बाटलीमागे कच्चा माल किती, इंधन किती आणि प्रदूषण किती हे एकत्र मोजायचं ठरलं आणि तिथेच खरं नवं काहीतरी घडलं. तो पूर्ण रिपोर्ट बाहेर मात्र कधी आला नाही कारण आतली माहिती गोपनीय होती. पैसे कंपनीचे, डेटा कंपनीचा, आणि बाहेरच्या माणसाला तपासायला काहीच नाही, हे दुखणं तेव्हापासूनचं आहे.

१९७४ मध्ये त्याच संस्थेने अमेरिकेच्या पर्यावरण एजन्सीसाठी, म्हणजे ईपीएसाठी, पेयांच्या नऊ प्रकारच्या पॅकिंगची तुलना केली आणि ती सगळ्यांसाठी खुली होती. एलसीए हे नाव तेव्हा नव्हतं, रिपा म्हणायचे, म्हणजे रिसोर्स अँड एन्व्हायर्नमेंटल प्रोफाइल अॅनालिसिस. युरोपात त्याच सुमाराला ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत इयान बाऊस्टेड बाटल्यांच्याच ऊर्जेचे हिशोब करत होते, स्वीडनमध्येही पॅकिंगवर काम चालू होतं. सगळे पॅकिंगमागेच का लागले होते? एक तर कचरा डोळ्यांना दिसत होता आणि दुसरं म्हणजे बाटली ही तुलनेने सोपी वस्तू आहे. तरी त्यात एक मेख होतीच. परत भरायची काचेची बाटली चांगली की एकदा वापरून टाकायची, याचं उत्तर ती बाटली किती वेळा परत येते यावर लटकलेलं असतं, दोनदा आली तर एक निकाल, वीसदा आली तर वेगळाच. आता किती वेळा परत येते हे कुठल्या फॅक्टरीच्या मीटरवर दिसत नाही, ते लोकांच्या सवयीवर आहे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या हिशोबात पहिल्या दिवसापासून माणसाचं वागणं घुसलेलं होतं.

१९७२ मध्ये क्लब ऑफ रोमचा वाढीच्या मर्यादांवरचा रिपोर्ट आला, १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं, आणि ऊर्जेचा हिशोब करणाऱ्यांना एकदम मागणी आली. पुढे तेल स्वस्त झालं तसा उत्साहही ओसरला, काही थोडे लोक चिकाटीने करत राहिले. त्या शांत काळातली एक महत्त्वाची गोष्ट स्वित्झर्लंडमध्ये झाली. १९८४ मध्ये तिथल्या एम्पा या संस्थेने सरकारी पर्यावरण खात्यासाठी पॅकिंगच्या मटेरियलचा डेटा छापला आणि त्यात नुसती प्रदूषकांची यादी देऊन थांबले नाहीत, तर हे प्रदूषण कायद्याच्या मर्यादेपर्यंत विरळ करायला किती घनमीटर हवा लागेल, किती पाणी लागेल असा आकडा काढला. पद्धत ओबडधोबड होती पण इतके किलो हे आणि इतके ग्रॅम ते या यादीवरून "मग एकूण त्रास किती" या प्रश्नाकडे जायचा तो पहिला प्रयत्न म्हणावा लागेल.

मग आलं १९९० च्या आसपासचं डायपर प्रकरण. कापडी लंगोट चांगले की फेकून द्यायचे डायपर? फेकायचे डायपर बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने करून घेतलेल्या स्टडीत फेकायचे डायपर बरे निघाले, कापडी लंगोट धुऊन पुरवणाऱ्यांच्या संघटनेने करून घेतलेल्या स्टडीत कापडी बरे निघाले. यात कुणी सरळ खोटं बोललं असं समजायची गरजच नाही. एका बाळाला दिवसाला किती कापडी लागतात, एका वेळी दोन वापरतात का, एक कापड किती वेळा धुतल्यावर टाकतात, पाणी किती गरम करतात, कचऱ्याला किती महत्त्व द्यायचं, असे पाच-सहा आकडे थोडे इकडे तिकडे सरकवले की निकाल उलटतो, आणि त्या आकड्यांसाठी ठरलेला नियमच नव्हता.

युनिव्हर्सिटीतलं कामही यातून सुटलं नाही. १९९१ मध्ये कॅनडातल्या युनिव्हर्सिटी ऑफ व्हिक्टोरियाचे केमिस्ट मार्टिन हॉकिंग यांनी सायन्स जर्नलमध्ये कागदी कप आणि फोमचा कप यांची तुलना छापली आणि कागद आपोआप चांगला हे गृहीत धरू नका असं दाखवलं. त्यावर टीकेची पत्रं आली, आकडे कुठले धरले, जुन्या मिलचे की नव्या, यावर जोरदार वाद झाला. १९९४ मध्ये त्यांनीच धुऊन वापरायच्या कपांचाही हिशोब केला. फक्त ऊर्जा बघितली तर सिरॅमिकचा कप कागदी कपाच्या बरोबरीला यायला ३९ वेळा वापरावा लागतो पण फोमच्या कपाच्या बरोबरीला यायला १००६ वेळा, कारण प्रत्येक वेळी धुवायला जी ऊर्जा जाते तीच जवळपास एक फोमचा कप बनवायच्या ऊर्जेइतकी. म्हणजे अख्खा निकाल डिशवॉशरवर आला! मला हे उदाहरण फार आवडतं कारण हिशोब लिहून दाखवलेला आहे, कुणीही डिशवॉशरचा आकडा बदलून बघू शकतं, आणि युनिव्हर्सिटीच्या कामाकडून हीच अपेक्षा असते. निकालाशी तुम्ही सहमत नसाल तरी चालेल पण कुठे सहमत नाही ते बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या ११ राज्यांच्या अॅटर्नी जनरलांनी मिळून सांगितलं की एकसारखी पद्धत ठरेपर्यंत असे निकाल जाहिरातीत वापरू नका. त्याआधीच १९९० मध्ये व्हरमाँटमध्ये सेटॅक या शास्त्रज्ञांच्या संघटनेने वर्कशॉप घेतलं होतं आणि तिथून लाइफ सायकल असेसमेंट हे नाव रुळलं. मग बैठकांमागून बैठका झाल्या आणि १९९३ मध्ये पोर्तुगालमधल्या सेसिंब्रा इथल्या बैठकीतून पहिली आचारसंहिता बाहेर पडली. दरम्यान नेदरलँड्सच्या लायडन युनिव्हर्सिटीतल्या सीएमएल या संस्थेने १९९२ मध्ये एक गाइड काढलं आणि आजही जो एलसीए शिकतो तो कळत नकळत त्याच चौकटीत शिकतो. वस्तूंची नाही तर कामाची तुलना करायची हा विचार त्यात पक्का झाला, म्हणजे एक लिटर रंग विरुद्ध एक लिटर रंग असं नाही तर अमुक चौरस मीटर भिंत अमुक वर्षं झाकायला कुठला रंग किती लागतो असं. आणि प्रत्येक वायूला एका समान मापात आणायचं, मिथेन असेल तर त्याला कार्बन डायऑक्साइडच्या इतक्या पटीत मोजायचं. तेव्हा मिथेनसाठी २१ पट धरायचे, २०१३ मध्ये आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या रिपोर्टमध्ये तो आकडा २८ झाला, त्यामुळे जुना आणि नवा स्टडी शेजारी ठेवताना हेही बघायला लागतं.

आयएसओ १४०४० हे स्टँडर्ड १९९७ मध्ये आलं, २००६ मध्ये १४०४० आणि १४०४४ अशी दोन मिळून नवी मांडणी झाली. आमचा माल त्यांच्यापेक्षा बरा असं जाहीर करायचं असेल तर किमान तीन जणांच्या पॅनलने तो स्टडी तपासायला हवा, आणि सगळ्या परिणामांना कमी-जास्त महत्त्व देऊन एकाच मार्कात मिसळून तो मार्क अशा जाहीर तुलनेत वापरायचा नाही, हे त्यातले दोन नियम. डायपरच्या भांडणातून काय शिकले ते इथे अगदी स्पष्ट दिसतं. पण स्टँडर्डने सगळं बांधून टाकलं नाही. रिफायनरीत एकाच कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, नाफ्था, डांबर सगळंच निघतं, मग रिफायनरीचं प्रदूषण कुणाच्या नावावर किती टाकायचं, वजनाप्रमाणे की ऊर्जेप्रमाणे की किमतीप्रमाणे? स्टँडर्ड म्हणतं आधी अशी वाटणी टाळता येते का बघा, नाहीच टाळता आली तर ठरवून दिलेल्या क्रमाने वाटा. प्रत्यक्षात दोन चांगल्या टीम दोन वेगळ्या वाटण्या करतात आणि दोघींचं स्टँडर्डप्रमाणे बरोबर असतं.

याच्या मागे डेटाची एक वेगळीच मेहनत आहे जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. स्टीलची, विजेची, ट्रकची माहिती प्रत्येक वेळी नव्याने कोण गोळा करणार? स्वित्झर्लंडमध्ये ईटीएच झुरिक आणि इतर संस्थांनी मिळून २००३ मध्ये इकोइन्व्हेंट नावाचा डेटाबेस काढला, सुरुवातीलाच अडीच हजारांच्या आसपास प्रोसेस होत्या, आणि त्यानंतर एकट्या पीएचडी स्टुडंटलाही पूर्ण साखळीचा हिशोब करता यायला लागला. अमेरिकेत कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीने दुसरी वाट धरली. अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओन्टिएफ यांची इनपुट-आउटपुट टेबलं, म्हणजे कुठला उद्योग कुठल्या उद्योगाकडून किती रुपया-डॉलरचा माल घेतो त्याचा तक्ता, त्याला प्रदूषणाचे आकडे जोडले, मग साखळी कुठे तोडायची हा प्रश्नच राहत नाही कारण अख्खी अर्थव्यवस्थाच आत येते. तोटा असा की "प्लॅस्टिकच्या वस्तू" असा मोठा ढीग मिळतो, तुमची नेमकी बाटली मिळत नाही. पण प्रोसेस मोजत जाणाऱ्यांनीही फार खूश व्हायचं कारण नव्हतं, सिडनी युनिव्हर्सिटीचे मॅनफ्रेड लेन्झेन यांनी २००० मध्ये दाखवलं की साखळी मध्येच तोडल्यामुळे सुटून जाणारा भाग ५० टक्क्यांच्या घरात जाऊ शकतो.

सगळ्यात मोठा हादरा बसला तो २००८ मध्ये, इथेनॉलवरून. तोवरचे हिशोब म्हणत होते की मक्याचं इथेनॉल पेट्रोलपेक्षा साधारण २० टक्के कमी उत्सर्जन करतं. टिमोथी सर्चिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायन्समध्ये वेगळाच प्रश्न विचारला, हा मका इंधनाकडे वळवला तर कमी पडलेलं धान्य कुणीतरी कुठेतरी पिकवणारच, त्यासाठी जंगल किंवा गवताळ जमीन नांगरली जाणार, तिथला कार्बन कुणाच्या खात्यात? तो धरला तर ३० वर्षांच्या हिशोबात उत्सर्जन जवळजवळ दुप्पट निघालं. त्या दुपटीवर नंतर भरपूर वाद झाला, आकडा खालीही आला, पण या वस्तूच्या वाट्याला काय येतं हा एक प्रश्न आणि ही वस्तू जास्त बनवायचं ठरवलं तर जगात काय बदलेल हा दुसरा प्रश्न, आणि दोघांची उत्तरं वेगळी असतात, हे सगळ्यांना मान्य करावं लागलं. आजही कुठला प्रश्न विचारलाय हे न बघताच लोक दोन पेपरचे आकडे एकमेकांवर फेकतात आणि ते बघून खरंच वाईट वाटतं.

तसंच कापडी पिशवीचं. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने तिथल्या पर्यावरण एजन्सीसाठी केलेल्या स्टडीतला "ऑरगॅनिक कापसाची पिशवी २०,००० वेळा वापरा", तरच ती प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, हा आकडा जगभर फिरला. तो सगळे परिणाम धरून काढलेला, त्यातला सगळ्यात वाईट म्हणजे ओझोन थरावरचा परिणाम ठरवत होता. फक्त हवामान बदल बघितला तर त्याच रिपोर्टमध्ये १४९ वेळा असं आहे, साध्या कापसासाठी ५२. आणि पिशवी उघड्यावर किंवा समुद्रात जाऊन काय करते हे त्यात मोजलेलंच नव्हतं. रिसर्चरनी हे सगळं लिहिलेलं आहे, वाचणारा आकड्यापाशीच थांबला.

सस्टेनेबिलिटी म्हणजे फक्त पर्यावरण नाही हे १९८७ च्या ब्रुंटलँड रिपोर्टपासून म्हटलं जात होतं, पण हिशोबात ते यायला वेळ लागला. २००८ मध्ये जर्मनीचे वॉल्टर क्लॉप्फर यांनी सरळ बेरीज मांडली, पर्यावरणाचं एलसीए, लाइफ सायकल कॉस्टिंग आणि सोशल एलसीए, तिन्ही मिळून लाइफ सायकल सस्टेनेबिलिटी असेसमेंट. खर्चाचा भाग जुनाच होता, अमेरिकेच्या संरक्षण खात्याची खरेदी १९६० च्या दशकापासून तसा विचार करत होती. अवघड होता सोशल भाग. युएनईपी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, आणि सेटॅक यांच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कामगार, स्थानिक लोक, समाज, ग्राहक आणि साखळीतले इतर व्यावसायिक असे पाच गट धरले, २०२० च्या आवृत्तीत मुलंही आली. पण एका मोबाइलमागे बालमजुरी किती हे किलोत मोजता येत नाही, म्हणून धोका जास्त असलेल्या ठिकाणी कामाचे किती तास गेले असा वळसा घेऊन मोजतात. मला विचाराल तर बेरीज हा शब्दच इथे धोक्याचा आहे. कमी कार्बन आणि कमी मजुरी एकत्र आली तर एकाने दुसऱ्याची भरपाई होते का, हे कुठलंही सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही, त्यामुळे बरेच रिसर्चर तिन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवतात आणि मिसळत नाहीत, ते मला पटतं.

सध्या जोर आहे तो अजून बाजारात न आलेल्या गोष्टींवर. लॅबमध्ये काही ग्रॅम बनलेल्या बॅटरीच्या मटेरियलची तुलना वर्षानुवर्षं सुधारत आलेल्या फॅक्टरीशी केली तर लॅबवालं हरणारच, म्हणून ती प्रोसेस मोठी झाली तर कशी दिसेल ते आधी मांडतात, आणि वीजही आजची न धरता पुढची धरतात. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमधून प्रीमाइज नावाचं ओपन सोर्स टूल आलंय, ते इकोइन्व्हेंटच्या डेटात २०४० किंवा २०५० ची वीज, स्टील, सिमेंट वेगवेगळ्या हवामान सिनॅरिओप्रमाणे बदलून देतं. मग तीच बॅटरी, तोच स्टुडंट, आणि सिनॅरिओ बदलला की आकडा वेगळा, आणि पेपरमध्ये आता एका आकड्याच्या जागी चार-पाच आकड्यांचा पट्टा छापून येतो.