हाती उरलेला झगा : 'एस्केप' या क्रियापदाची पार्श्वभूमी

इंग्रजीतील 'एस्केप' या क्रियापदाचा अर्थ आपण शाळेपासून 'पळून जाणे' असा पाठ करत आलो आहोत. तो चुकीचा नाही, मात्र अपुरा आहे. या शब्दाच्या मुळाशी धावणे नसून निसटणे आहे, आणि हा फरक ध्यानात घेतला की त्याचे विखुरलेले वाटणारे बरेचसे अर्थ एकमेकांशी जुळतात.

उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'काप्पा' म्हणजे अंगावर पांघरायचा झगा. त्याला 'बाहेर' या अर्थाचा 'एक्स' हा उपसर्ग जोडून बोलीतील लॅटिनमध्ये 'एक्सकाप्पारे' असे क्रियापद झाले असावे, असे व्युत्पत्तिकार मानतात. त्यामागचे चित्र स्पष्ट आहे : पाठलाग करणाऱ्याने झग्याला हात घातला, माणूस झग्यातून निसटला आणि पकडणाऱ्याच्या मुठीत नुसते कापड उरले. मराठीत 'हातावर तुरी देणे' म्हणतात, तेव्हाही पकडणाऱ्याच्या हाती काहीतरी ठेवूनच माणूस पसार होतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता जवळजवळ एकच प्रसंग पाहिला, याचे मला नेहमी नवल वाटते. 'चॅपेल' (लहान प्रार्थनामंदिर) हा शब्दही याच 'काप्पा'चा वंशज आहे, कारण संत मार्टिन यांचा झगा जेथे जपून ठेवला होता त्या जागेला प्रथम ते नाव मिळाले.

इंग्रजीत हे क्रियापद 1300च्या सुमारास रुळले, तेही उत्तर फ्रान्समधील बोलीतून. मध्य फ्रान्सच्या भाषेत मूळ 'क'चा 'च' होत असे. उत्तरेकडच्या नॉर्मन बोलीने 'क' टिकवला आणि 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तेथे तीच बोली सत्ताधाऱ्यांची होती. म्हणून फ्रेंचमध्ये आज 'एशापे' असले तरी इंग्रजीत 'एस्केप' आहे. पकडणे या अर्थाचे 'कॅच' हे क्रियापदही त्याच नॉर्मन दाराने आत आले.

इंग्रजीचे स्वतःचे जुने जर्मानिक क्रियापद 'फ्ली' आधीपासून होतेच. 'फ्ली' केवळ पळण्याची क्रिया सांगते. पळणारा पुढे पकडला गेला तरी ते खोटे ठरत नाही. 'एस्केप' मात्र सुटका साधली तरच वापरता येते. त्यामुळे मराठीत पहिल्यासाठी 'पळणे' आणि दुसऱ्यासाठी 'निसटणे', 'सुटणे' किंवा 'बचावणे' योजणे अधिक नेमके ठरते. पुढचा भेद शब्दयोगी अव्ययाचा आहे. 'फ्रॉम' लावले की माणूस आधी अडकलेला होता आणि मग सुटला, जसे तुरुंगातून. 'फ्रॉम'शिवाय थेट कर्म आले तर ती आपत्ती त्याला बहुधा शिवलीच नाही. तो शिक्षेतून सुटला नाही, त्याची शिक्षाच टळली. हा भेद न पाहिल्यामुळे भाषांतरांत अर्थ बदललेला मी अनेकदा पाहिला आहे.

मुळात पकड आहे, म्हणूनच कर्ता माणूसच असावा लागत नाही. नाव आठवेना झाले की इंग्रजीत ते नाव आपल्याला 'एस्केप' करते. नजरेतून चूक सुटणे, तोंडून शब्द निसटणे हे मराठी प्रयोग तर याच्याशी थेट जुळतात. इंग्लंडच्या कायद्यातही ही पकड दिसते : जुन्या कॉमन लॉमध्ये, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्यात, कैदी निसटला तर त्या 'एस्केप'साठी त्याला राखणारा अधिकारीही जबाबदार धरला जाई. 1868 साली रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात, साठवलेले पाणी जमिनीबाहेर निसटून शेजारच्या खाणीत शिरले याबद्दल साठवणाऱ्याला जबाबदार धरण्यात आले, आणि 'एस्केप' हा त्या तत्त्वाचा कळीचा शब्द ठरला.

या क्रियापदाच्या आखूड रूपाची, 'स्केप'ची, कथा सर्वांत विलक्षण आहे. विल्यम टिंडल यांनी 1530 साली बायबलचा अनुवाद करताना 'अझाझेल' या हिब्रू शब्दाची फोड 'निघून जाणारा बोकड' अशी मानून 'स्केपगोट' हा शब्द घडवला. बायबलमधील ज्या पापक्षालनाच्या विधीत हा शब्द येतो, त्यात दोन बोकड असत : एकाचा बळी जाई, तर दुसऱ्यावर लोकांची पापे ठेवून त्याला जिवंत रानात सोडत. हा दुसरा तो स्केपगोट. पुढे दुसऱ्यांचा दोष माथी मारला गेलेला माणूस, असा त्याचा अर्थ झाला. त्यासाठी आपण 'बळीचा बकरा' म्हणतो. अर्थ पोचतो, पण मूळ विधीत बळी जाणारा बोकड हा नव्हेच.

मराठीने या एकाच क्रियापदाला दोन वेगळ्या वाटांनी सामावून घेतले आहे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यासाठी लागणाऱ्या, सेकंदाला सुमारे 11.2 किलोमीटर एवढ्या वेगाला, म्हणजे 'एस्केप व्हेलॉसिटी'ला, विज्ञानाची पुस्तके 'मुक्तिवेग' म्हणतात, तर 1930च्या दशकात इंग्रजीत रूढ झालेल्या 'एस्केपिझम'ला साहित्य समीक्षेने 'पलायनवाद' म्हटले. पहिल्यात सुटण्याचे मोल आहे, दुसऱ्यात पळण्याचा ठपका. माझ्या मते 'मुक्तिवेग' हा मूळ प्रतिमेच्या अधिक जवळचा आहे.

संगणकाच्या कळफलकावरील 'एस्केप' ही कळही याच कुळातली. आयबीएममधील बॉब बेमर यांनी 1960 साली हे नियंत्रण-चिन्ह सुचवले, आणि आस्की या संकेतप्रणालीत त्याला 27 हा क्रमांक मिळाला. त्याचे मूळ काम यंत्राला सूचना देण्याचे होते : यापुढची अक्षरे नेहमीच्या अर्थाने वाचू नकोस. येथे ठरीव अर्थाच्या पकडीतून निसटतात ती अक्षरे.