फ्लॅश आणि खोलीतील प्रकाशाचा मेळ

घरात व्यक्तिचित्र काढताना दार, खिडकी, दिवे यांचा मुळातला प्रकाश आणि छायाचित्रकाराने आणलेला फ्लॅश यांचे प्रमाण ठरवण्याचे तंत्र. मेळ बसला नाही की चेहरा पांढराफटक पडतो आणि मागची खोली काळोखात बुडते. मग माणूस कोणत्या घरात बसला आहे, हे फोटोवरून कळत नाही.

फ्लॅशचा झोत शटर पूर्ण उघडे असतानाच लखलखून संपतो. त्यामुळे शटर जास्त वेळ उघडे ठेवले तरी चेहऱ्यावरचा फ्लॅश तेवढाच राहतो. खोलीतला उजेड मात्र शटर मिटेपर्यंत साठत जातो. शटरचा वेळ १/६० सेकंदावरून १/१५ सेकंदावर आणला की खोली चौपट उजळते, फ्लॅशचा वाटा बदलत नाही. ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) दोन्ही प्रकाशांवर सारखाच परिणाम करतात. म्हणून खोली शटरने सांभाळायची आणि चेहरा फ्लॅशच्या ताकदीने. वरची मर्यादा सिंक स्पीडची, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या शटरच्या कमाल वेगाची, बहुतेक डीएसएलआरवर १/२०० किंवा १/२५० च्या आसपास. हाय-स्पीड सिंक (फ्लॅश अनेक छोट्या झोतांत देण्याची सोय) न वापरता त्यापुढे गेले, तर शटरचा पडदा फ्रेमचा काही भाग झाकतो आणि फोटोत काळा पट्टा येतो.

मराठवाड्यातली माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेली, घरे या तंत्राची खरी परीक्षा घेतात. भिंती जाड, खिडक्या लहान आणि मोजक्या, वर लाकडी तुळया. उजेड येतो तो मुख्यतः दारातून आणि छतातल्या झरोक्यातून. हा उजेडच त्या घराची ओळख आहे, तो पुसून टाकणारा फ्लॅश कितीही स्वच्छ असला तरी वाईटच. इथे पहिला फोटो फ्लॅश बंद ठेवूनच घ्यावा. समजा आयएसओ ८००, एफ/४, १/६० वर ओसरी डोळ्यांना दिसते तशी आली, तर शटर १/१२५ करून ती एक स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडाने, दबवावी आणि मग चेहऱ्यापुरता फ्लॅश हळूहळू वाढवावा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून दाराच्या बाजूने दिला, तर दोन्ही उजेड एकाच दिशेने येतात आणि फ्लॅश वापरल्याचे जाणवत नाही.

छतावरून फ्लॅश उसळवण्याची, म्हणजे बाऊन्सची, युक्ती माळवदाखाली फसते. काळपट लाकूड बराचसा प्रकाश गिळते. अशा वेळी बाजूला धरलेली पांढरी चादर कामी येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात दगडमातीच्या अनेक घरांच्या जागी सिमेंटची घरे आली. त्यांतल्या चुना दिलेल्या स्लॅबखाली बाऊन्स सहज जमतो. भिंत पिस्ता किंवा गुलाबी असेल, तर मात्र तोच रंग गालावर उतरतो.

रंगाचा मेळ वेगळा साधावा लागतो. प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा: पिवळा बल्ब सुमारे २७०० ते ३००० केल्व्हिनचा, फ्लॅश सुमारे ५५०० चा. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने कोणता रंग पांढरा मानायचा ती सेटिंग) बल्बचा ठेवला की चेहरा निळा पडत नाही आणि त्याचा रंग खोलीशी जुळतो. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली आणखी एक अडचण असते: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. वेगवान शटरला फोटोत पट्टे दिसतात. १/५० किंवा १/१०० वर ते सहसा टळतात.

पांढरे धोतर, पांढरा सदरा, पांढरा फेटा आणि उन्हाने रापलेला चेहरा अशा माणसापुढे स्वयंचलित टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणारी सोय) हमखास फसते. फ्रेममधले पांढरे कापड पाहून ते फ्लॅश कमी करते आणि चेहरा, ज्यासाठी फोटो काढायचा तोच, काळवंडतो. नुसता फ्लॅश वाढवला तर सदऱ्याच्या चुण्या पुसल्या जातात. ताकद हाताने ठरवून फ्लॅशचे तोंड किंचित वर वळवावे, म्हणजे झोताचा मधला भाग चेहऱ्यावर आणि कडेचा मंद भाग कपड्यांवर पडतो. पैठणीला याच्या उलट काळजी हवी: समोरून थेट फ्लॅश दिला तर जरीचे काम पांढरे चमकते, पदरावरचे मोर हरवतात. बाजूने आलेल्या पसरट उजेडात जरीचा सोनेरी रंग जसाच्या तसा येतो.