युरोव्हिजन नगरभेटी

युरोव्हिजन या युरोपीय देशांमधील वार्षिक, दूरचित्रवाणीवरील गीतस्पर्धेचे चाहते स्पर्धेच्या आठवड्यात यजमान शहरी, किंवा एरवी जुन्या यजमान शहरांत, दोन ते पाच रात्रींचा जो प्रवास करतात तो. पहिल्या प्रकाराचे गणित तिकिटांवर बसते, दुसऱ्याचे आगगाडीच्या वेळापत्रकावर.

स्पर्धेच्या उगमाविषयी दोन मते आहेत आणि चाहत्यांच्या वारीचा आरंभ कोठून धरायचा हेही त्यावर ठरते. प्रचलित मत मार्सेल बेझांसाँ या स्विस प्रसारणतज्ज्ञाला जनक मानते. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारणसंस्थांच्या संघटनेच्या समितीने जानेवारी १९५५ मध्ये मोनॅको येथे या कल्पनेवर विचार केला आणि ऑक्टोबरमध्ये रोम येथे तिला मंजुरी मिळाली. दुसऱ्या मतानुसार मूळ प्रस्ताव राय या इटालियन प्रसारणसंस्थेच्या सेर्जो पुल्येसे यांचा. १९५१ पासून भरणारा इटलीतील सानरेमोचा गीतमहोत्सव हा नमुना होता, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. कल्पना तडीस नेण्याचे श्रेय बेझांसाँ यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानोच्या कुर्साल नाट्यगृहात झाली. सात देशांनी प्रत्येकी दोन गीते सादर केली. मतदान गुप्त होते.

लुगानोत ते नाट्यगृह आता नाही. पाहायचे ते तळे आणि गाव. सानरेमोत मात्र महोत्सवाच्या दोन्ही वास्तू उभ्या आहेत: १९७६ पर्यंतचा कॅसिनो आणि १९७७ पासूनचे (१९९० चा अपवाद वगळता) आरिस्तोन. आरिस्तोन हे भर बाजारपेठेतले चित्रपटगृह. दूरचित्रवाणीवरचा भपका डोळ्यांत ठेवून गेलेल्यास ते समोर असूनही चटकन ओळखू येत नाही. सानरेमोचे स्थानक २००१ पासून भूमिगत असून फलाट आणि दार यांच्यामध्ये लांबलचक बोगदा आहे, तेव्हा परतीच्या गाडीसाठी दहा मिनिटे जादा धरावीत.

विजेत्या देशाने पुढच्या वर्षी यजमानपद घ्यावे हा प्रघात १९५८ मध्ये नेदरलँड्समधील हिल्व्हरसुम येथे प्रथम दिसतो; त्याला अपवाद बरेच आहेत. लक्झेंबर्गने लागोपाठ दोनदा जिंकून पुढचे यजमानपद नाकारले, म्हणून १९७४ ची स्पर्धा इंग्लंडमधील ब्रायटनला गेली आणि ॲबा या स्वीडिश गायकवृंदाचा विजय तेथे झाला. ॲबाचे संग्रहालय मात्र स्टॉकहोममध्ये, युर्गोर्डन बेटावर (२०१३). आदल्या वर्षीचा विजेता युक्रेन युद्धात असल्याने त्याच्याऐवजी २०२३ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूलने स्पर्धा भरवली.

चाहत्यांची ओजीएई ही संघटना १९८४ मध्ये फिनलंडमधील साव्होनलिना येथे स्थापन झाली. संघटित प्रवास तेव्हापासूनचा असावा. त्याला मोठे प्रमाण बहुधा १९९० नंतर आले.

तिकिटे घेताना हमखास होणारी चूक म्हणजे स्पर्धा एकाच रात्रीची समजणे. २००८ पासून दोन उपांत्य फेऱ्या (मंगळवार, गुरुवार) आणि अंतिम फेरी (शनिवार) असे तीन थेट कार्यक्रम होतात. प्रत्येकाची आदल्या रात्री एक आणि त्याच दिवशी दुपारी एक अशी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते, म्हणजे एकूण नऊ प्रयोग. अंतिम फेरीसाठी परीक्षक शुक्रवार रात्रीच्या तालमीवर गुण देतात. त्यामुळे गायक त्या रात्री हात राखून गात नाहीत आणि तिकीट शनिवारपेक्षा स्वस्त पडते. जाणते चाहते शुक्रवारच निवडतात. तालमीत जाहीर होणारे निकाल लुटुपुटीचे असतात, हे ठाऊक नसलेला प्रेक्षक नाहक हिरमुसतो. विक्री अलीकडे टप्प्याटप्प्याने होते आणि बहुधा पूर्वनोंदणी लागते. रंगमंच व कॅमेऱ्यांच्या जागा पक्क्या झाल्या की अडवून ठेवलेल्या खुर्च्या मोकळ्या होतात, तेव्हा विक्रीच्या पहिल्या टप्प्यात हुकलेल्याने पुढच्या टप्प्याची वाट पाहावी. तिऱ्हाइताकडून चढ्या भावाने घेऊ नये. तिकीट मिळालेच नाही तर युरोव्हिजन व्हिलेज या खुल्या मैदानात पडद्यावर सोहळा पाहता येतो, बहुधा विनामूल्य.

राहण्याची टंचाई रचनेतच आहे. २०२३ साठी ब्रिटिश शहरांकडून सुमारे १०,००० प्रेक्षकांचे सभागृह, दीड तासाच्या आत आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि स्पर्धेशी संबंधित किमान २,००० जणांच्या निवासाची सोय मागितली होती. खोल्यांचा मोठा साठा असा आधीच अडकतो, म्हणून शेजारचे शहर गाठावे लागते. माल्मो (१९९२, २०१३, २०२४) हे त्याचे नमुनेदार उदाहरण. कोपनहेगनच्या कास्ट्रुप विमानतळावरून पुलापलीकडे गेलेली गाडी स्वीडनमध्ये पहिल्यांदा हिली स्थानकावर थांबते, आणि माल्मो अरेना त्या स्थानकालगतच आहे. माल्मो मध्य स्थानकापर्यंत गेलेला प्रवासी उलटा येतो. हिलीला पारपत्र तपासले जाऊ शकते. ते कोपनहेगनच्या खोलीत ठेवून निघू नये. स्वित्झर्लंडमधील बाझल (२०२५) येथे निवासगृहात उतरणाऱ्यास स्थानिक वाहतुकीचा मोफत पास मिळतो.

भारतीय पारपत्रधारकाने शेंगेन व्हिसाचा (युरोपातील बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज मुख्य मुक्कामाच्या किंवा मुख्य प्रयोजनाच्या देशाकडे करायचा असतो. कार्यक्रम माल्मोत आणि सगळ्या रात्री कोपनहेगनमध्ये असतील तर हा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने ते पंधरा दिवस आधी करावा लागतो. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. ब्रिटन आणि आयर्लंड या व्यवस्थेबाहेर आहेत. थेट कार्यक्रम मध्य युरोपीय उन्हाळी वेळेनुसार रात्री ९ ला (भारतात मध्यरात्रीनंतर साडेबाराला) सुरू होतो आणि अंतिम फेरी सुमारे चार तास चालते. रात्रीची शेवटची गाडी आधी पाहून ठेवावी.

जुन्या यजमान शहरांपैकी कोपनहेगनमध्ये तीन वेगळी स्थळे एका दिवसात होतात: तिव्होलीचे संगीतगृह (१९६४), पार्केन क्रीडागार (२००१) आणि रेफ्सहालेओ या भागातील जुन्या जहाजबांधणी कारखान्याची शेड (२०१४). आयर्लंडमधील मिलस्ट्रीट (१९९३) हे जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव. तेथील सभागृह मुळात घोड्यांच्या स्पर्धांसाठीचे.