सुरतेची युरोपीय थडगी

गुजरातमधील सुरत शहराच्या जुन्या कतारगाम दरवाजाच्या परिसरातील इंग्रज, डच व आर्मेनियन दफनभूमी. सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते, त्या काळातले वखारवाले, त्यांच्या बायका-मुलांसह, येथे पुरलेले आहेत. इंग्रज दफनभूमीतील ओळख पटलेल्या थडग्यांत सर्वांत जुने वखारीचा प्रमुख फ्रान्सिस ब्रेटन (मृत्यू १६४९) याचे मानतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असलेली ही ठिकाणे शहराच्या दाट वस्तीत अडकून पडली आहेत. जुनी कबरस्ताने हिंडण्याची आवड असणारे येथे आवर्जून येतात, एरवी वर्दळ कमीच असते.

सर्वांत मोठे इंग्रज थडगे ऑक्झिंडेन बंधूंचे. धाकटा ख्रिस्तोफर एप्रिल १६५९ मध्ये वारला. त्याच्यासाठी भावाने बांधलेल्या घुमटीवरच पुढे सर जॉर्ज ऑक्झिंडेन (मृत्यू १४ जुलै १६६९) याचे दुमजली स्मारक उभे राहिले. उंची सुमारे ४० फूट, व्यास सुमारे २५ फूट. जाडजूड खांब, एकावर एक दोन घुमट आणि वरच्या सज्जाकडे नेणारा जिना. वरचा घुमट भरीव नाही. आडव्या क्रुसाच्या आकारात बांधलेल्या कमानींचा तो उघडा सांगाडा आहे आणि मोगल घुमटांची सवय असलेल्या डोळ्यांना तो प्रथम पडका वाटतो. बांधकाम विटांचे असून त्यावर चुन्याचा गिलावा आहे.

ख्रिस्तोफरच्या लॅटिन लेखाची भाषा वखारीच्या दप्तरातली आहे. त्याने आपल्या उद्योगाची मुदत वर्षांनी नव्हे, दिवसांनी मोजली, कारण मृत्यूने हिशेब मागितला, असे सांगून लेख ईस्ट इंडिया कंपनीच्या धन्यांनाच विचारतो की नफा-तोटा काय झाला? तुम्ही सेवक गमावलात, आम्ही सोबती, त्याने प्राण. पण खतावणीच्या दुसऱ्या बाजूला ‘मृत्यू हाच मला लाभ’ असे तो लिहू शकतो. जॉर्जच्या लेखात असा खेळ नाही. इंग्रजांचा भारत, इराण व अरबस्तानातील अध्यक्ष आणि मुंबई बेटाचा गव्हर्नर, अशी पदांची ओळ आहे. मराठी वाचकाला तो ओळखीचा आहे तो जानेवारी १६६४ मधील शिवाजी महाराजांच्या सुरत स्वारीमुळे. त्या वेळी वखारीचा बचाव त्याने केला. रायगडावर राज्याभिषेकाला हजर असलेला हेन्री ऑक्झिंडेन त्याच घराण्यातला. जॉर्जनंतर आलेला व मुंबईची घडी बसवणारा जेराल्ड ऑंजियरही ३० जून १६७७ रोजी सुरतेतच वारला. त्याचे म्हणून दाखवले जाणारे थडगे परंपरेच्या आधारावर ओळखले जाते, मूळ लेखाच्या नव्हे.

डच दफनभूमीवर डच कंपनीचा अधिकारी हेन्ड्रिक आड्रियान व्हान रेडे याच्या स्मारकाची छाप आहे. मलबारहून सुरतेकडे येताना १५ डिसेंबर १६९१ रोजी तो जहाजावरच वारला. दुहेरी घुमट, वर-खाली सज्जे आणि खांबांची रांग असलेल्या या इमारतीत पूर्वी भित्तिचित्रे, बायबलमधील वचने व खिडक्यांना कोरीव लाकडी जाळ्या होत्या असे जुने वर्णन आहे. ‘होर्टुस मलबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ (१६७८–१६९३) याच व्हान रेडेच्या पुढाकाराने झाला. रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी ब्राह्मणांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्याच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. नागरी अक्षरांच्या आरंभीच्या छापील नमुन्यांत त्याची गणना होते.

ही शैली कोठून आली याबद्दल मतभेद आहेत. ऑक्झिंडेनच्या थडग्यावर ताण करण्यासाठी डचांनी व्हान रेडेचे स्मारक बांधले, ही कथा एकोणिसाव्या शतकातील गॅझेटिअरने रूढ केली. ती अशक्य नाही, परंतु चढाओढीमुळे आकार का वाढला एवढेच ती सांगते. घुमट का निवडला हे सांगत नाही. मोगल उमरावांसारखे राहणाऱ्या वखारवाल्यांनी मेल्यावरही तोच थाट स्वीकारला, हे मत अधिक पटणारे आहे. शिवाय मायदेशी प्रतिष्ठिताला चर्चच्या फरशीखाली वा आवारात जागा मिळे. सुरतेत तशी चर्चची जमीन नव्हती, मोकळी जमीन आणि घुमट बांधण्यात मुरलेले गवंडी मात्र होते.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न सुरतेने युरोपला काय दिले हा आहे. इंग्रज नाटककार व वास्तुविशारद जॉन व्हॅनब्रू १६८०च्या दशकात कंपनीच्या नोकरीत सुरतेत होता, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस उजेडात आले. लंडनमध्ये नवी चर्चे बांधण्यासाठी १७११ च्या सुमारास दिलेल्या सूचनांत त्याने चर्चमध्ये दफन थांबवावे, गावाबाहेर भिंतीच्या आत झाडे लावलेल्या दफनभूमी कराव्यात आणि त्यांत उंच स्मारके उभारावीत असे सुचवले. दाखला म्हणून त्याने सुरतेच्या इंग्रजांची रीत सांगून रेखाटनही जोडले. यावरून पॅरिसच्या पेर लाशेझ (१८०४) व तत्सम उद्यान-दफनभूमींचे मूळ सुरतेत शोधण्याचा मोह काही अभ्यासकांना होतो. व्हॅनब्रूची सूचना लंडनने त्या वेळी अमलात आणली नाही आणि मधले शंभर वर्षांचे अंतर मोठे आहे. कलकत्त्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीशी (१७६७) जोडलेला धागा त्या मानाने जवळचा. मात्र तेथील पिरॅमिड व सुळके युरोपीय अभिजात वळणाचे आहेत, घुमटांचा मोगली ढंग तेथे ओसरलेला दिसतो.

इंग्रज प्रवासी टॉम कोरियाट डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेत वारला. सुवाळी बंदराजवळ राजगरी येथील एक घुमटाकार इमारत त्याचे थडगे म्हणून संरक्षित आहे. पण १६२७ मध्ये तेथून गेलेल्या टॉमस हर्बर्टने कोरियाटची कबर दोन साध्या दगडांवरून ओळखता येते असे लिहिले आहे. घुमट नंतर बांधला असे मानण्यापेक्षा, जहाजांना किनाऱ्याची खूण म्हणून उपयोगी पडणाऱ्या एखाद्या मुसलमानी इमारतीला खलाशांनी त्याचे नाव चिकटवले असावे, हा तर्क सरळ वाटतो.

लेख असलेली थडगी थोडी, लेख गेलेली अधिक, त्यामुळे भेट देणाऱ्याला बहुतेक वेळा नाव न कळता वास्तूच न्याहाळावी लागते. तारखा शिल्लक आहेत तेथे माणसे अल्पायुषी दिसतात. त्याच काळात मुंबईबद्दल ‘दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य’ अशी इंग्रजांत म्हणच होती.

आर्मेनियन थडगी बिनघुमटाची, जमिनीलगत बसवलेल्या कोरीव शिळांची आहेत. त्यांतली सर्वांत जुनी १५७९ ची असल्याचे मेस्रोव्ह सेठ या आर्मेनियन इतिहासकाराने नोंदवले. हे वाचन ग्राह्य धरल्यास इंग्रज कंपनीचा कप्तान विल्यम हॉकिन्स १६०८ मध्ये सुरतेला उतरण्याच्या सुमारे तीस वर्षे आधी तेथे आर्मेनियन वस्ती होती असे ठरते.