कॅन्सरवरचे दोन व्हायरस: एक जनुक पोहोचवतो, दुसरा गाठ फोडतो

‘व्हायरसने कॅन्सर बरा होणार’ अशी बातमी आली की ती नेमकी कुठल्या उपचाराची, हे बातमी वाचूनही कळत नाही. कारण यात दोन अगदी वेगळे उपचार आहेत. एकात व्हायरस फक्त जनुक पोहोचवतो, दुसऱ्यात व्हायरस हेच औषध असतं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा: हा व्हायरस शरीरात वाढतो का?

चीनमधली दोन औषधं शेजारी ठेवली की फरक लख्ख दिसतो. दोन्हींत ॲडिनोव्हायरस, दोन्ही डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी. २००३ मध्ये मंजूर झालेल्या जेंडिसीनमध्ये व्हायरसची वाढण्याची क्षमताच काढून घेतली आहे आणि तिथे पी-५३ हे जनुक बसवलं आहे. पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालणारं हे जनुक अनेक कॅन्सरमध्ये बिघडलेलं असतं. ते पेशीत पोहोचवलं की व्हायरसचं काम संपलं. २००५ मध्ये आलेल्या ऑन्कोरिनमध्ये नवं जनुक काहीच नाही. तो व्हायरस कॅन्सरच्या पेशीत वाढतो, तिला फोडतो आणि शेजारच्या पेशींत शिरतो.

गोंधळ होतो तो टी-व्हेकसारख्या औषधामुळे, कारण ते दोन्ही कामं करतं. अमेरिकेत २०१५ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी मंजूर झालेलं हे औषध म्हणजे तोंडाभोवती फोड आणणाऱ्या हर्पिसचा बदललेला व्हायरस. तो गाठ फोडतो, शिवाय प्रतिकारशक्तीला जागं करणारं एक मानवी जनुकही सोबत नेतो. तरी मी त्याला दुसऱ्याच गटात धरेन, कारण तो वाढतो. इंजेक्शन थेट गाठीत देतात. पहिला डोस मिलिलिटरला १० लाख व्हायरसचा आणि तीन आठवड्यांनी पुढचा थेट १० कोटींचा, म्हणजे मधल्या काळात शरीराला हर्पिसची ओळख होते. जागेवर पट्टी बांधून ठेवायची आणि ती बदलताना घरच्यांनी हातमोजे घालायचे, कारण जिवंत व्हायरस दुसऱ्याला लागू शकतो.

कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच पेशी बदलून त्या कॅन्सरवर सोडण्याच्या उपचारात ही भीती नाही. तो पहिल्या गटातला, कारण त्यात व्हायरस फक्त जनुक पोहोचवतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधल्या संशोधनातून आलेल्या, २०२३ मध्ये भारतात मंजूर झालेल्या नेक्सकार-१९ मध्ये लेंटिव्हायरस वापरतात, पण शरीराबाहेर. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) काढतात, प्रयोगशाळेत व्हायरसकरवी त्यांत कॅन्सरची पेशी ओळखायला लावणारं नवं जनुक घालतात, त्या पेशी वाढवतात आणि परत शिरेतून देतात. असे व्हेक्टर (जनुक वाहून नेणारे व्हायरस) बहुधा एचआयव्हीपासून बनवलेले असतात, हे ऐकून नातेवाईक हादरतात. त्यांना हे स्पष्ट सांगायलाच हवं: रोग पसरवणारे भाग त्यातून काढलेले असतात, त्यामुळे एड्स होत नाही.

इथली काळजी वेगळी आहे. हे जनुक पेशीच्या डीएनएत कायमचं बसतं, आणि चुकीच्या जागी बसलं तर ती पेशीच पुढे बिघडू शकते. त्यामुळे अशा रुग्णांवर १५ वर्षं लक्ष ठेवावं, असं अमेरिकेचं औषध नियामक एफडीए सांगतं.