कारवी आणि नीलकुरिंजी एकच नाहीत बरं का!

पावसाळा संपत आला की जांभळ्या डोंगरांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात आणि खाली कुणीतरी लिहितं "बारा वर्षांनी फुलणारी कारवी", मग मुलं पण शाळेत तेच सांगतात. पण बारा वर्षांनी फुलते ती नीलकुरिंजी, केरळ-तमिळनाडूच्या उंच डोंगरांवर, मुन्नारजवळच्या एरविकुलम नॅशनल पार्कमध्ये वगैरे. आपल्या सह्याद्रीतली कारवी फुलते आठव्या वर्षी. दोघी एकाच कुळातल्या, फुलंही दोघींची निळी-जांभळी, घंटेच्या आकाराची, म्हणून गोंधळ होतो.

मुलांना सोपी खूण सांगायची तर उंची बघा. नीलकुरिंजी गवताळ उतारावर गुडघा-कमरेएवढी, म्हणून लांबून अख्खा डोंगर निळा दिसतो. कारवी मोठ्या माणसाच्याही डोक्यावर जाते, तिच्या रानात शिरलं की पुढचं काही दिसत नाही.

आणि कारवीची खरी गंमत फुलांच्या आधी आणि नंतर आहे. सात वर्षं ती पावसाळ्यात नुसती हिरवी होते, उन्हाळ्यात वाळक्या काठ्या उरतात, बघणाऱ्याला वाटेल मेलीच. मग आठव्या पावसाळ्यात एका भागातली सगळी झुडपं एकदम फुलतात, मधमाश्यांची चंगळ होते, बी धरतं आणि झाड मरून जातं! बोंडं मात्र तशीच वाळून राहतात आणि पुढच्या वर्षी पहिला पाऊस पडला की ती फटाफट फुटून बी उडवतात, रानात तो आवाज चक्क ऐकू येतो. सगळ्यांनी एकदम का फुलायचं, तर इतकं बी एकाच वेळी पडतं की उंदीर, किडे, पाखरं खाऊन खाऊन किती खाणार, उरलेलं रुजतंच, असं अभ्यासक मानतात. नीलकुरिंजीही फुलून मरते, फक्त तिचा हिशोब बाराचा.

कारवीच्या काठ्या पण वाया जात नाहीत. त्यांचा कुड करून वर शेणमाती लिंपली की घराची भिंत तयार, वारली चित्रं अशाच भिंतींवर काढली जायची. मला तर हे फुलांपेक्षा भारी वाटतं.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कारवी 2008, 2016 आणि 2024 ला फुलली, म्हणजे आता 2032. मुन्नारची नीलकुरिंजी 2006 आणि 2018 ला फुलली होती, त्यामुळे ती त्याआधीच, 2030 मध्ये बघायला मिळेल.